एगॉनचं ड्रिल मशीन

घरटी एकेक ड्रिल मशीन कशाला, म्हणून डेन्मार्कमधल्या आरहूस शहरातल्या त्या सोसायटीने तळघरात एक सामाईक आणून ठेवलं होतं. तरीही तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या एगॉनने स्वतःचं महागडं मशीन घेतलं, आणि पुढच्याच आठवड्यात सामाईक मशीनचं बिट आवळायची चावी तिला बांधलेल्या लाल फितीसकट गायब झाली.

"आता सगळे त्याच्याकडूनच नेतात," शेजारची मेरेते म्हणाली. "भाडंबिडं काही घेत नाही गं. उलट कॉफी पाजतो, दालचिनीचा पाव खायला घालतो."

"फुकट? मग माझ्या खुर्चीवर डोळा आहे बेट्याचा," सोसायटीची अध्यक्ष बोडिल म्हणाली, आणि मशीन मागायचं निमित्त काढून त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"ये, ये! बस ना," म्हणत एगॉन कॉफी आणायला आत वळला. टेबलावर दोन कप आधीच मांडलेले होते. खिडकीतल्या कुंडीमागून लाल फीत डोकावत होती.

सापडला! बोडिल चावी मुठीत धरून वळली, आणि तिचं लक्ष भिंतींकडे गेलं. बायको गेल्यावर हा इथे राहायला आला होता. तिच्या तसबिरी अजून जमिनीवरच भिंतीला टेकून उभ्या होत्या. एवढं मशीन घरात, पण भिंतींना एकही भोक नव्हतं.

"दूध घालू का गं?" आतून आवाज आला.



बोडिलने चावी पुन्हा कुंडीमागे सरकवली. "घाल थोडं. आणि हे बघ एगॉन, मला भोकं बरीच पाडायची आहेत, पण मी रोज एकच पाडणार."