घरखर्चाची पाहणी
“टंचाईच्या महिन्यांत धान्यावरचा खर्च दीडपट? म्हणजे लोक जास्त खातायत? खरं सांगा, फॉर्म घरी बसून भरलेत ना?” साहेबांचा माझ्या पाहणीवर विश्वास बसेना, पडताळणीला ते माझ्यासोबत निघाले. पहिल्याच घरातल्या बाईंनी दार अर्धवटच उघडलं. “रेशनकार्ड रद्द करायला आलात?” “नाही हो, ताई. खर्च वाढलाय का, एवढंच सांगा,” साहेब म्हणाले. “वाढलाय की.” साहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. बाईंनी पिठाचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. “भाव दुप्पट झालाय. दीडपट पैसे मोजूनही हा पाऊणच भरतो.” साहेब वरमले. “फॉर्मवर घरात पाच जण लिहिलेत. भागतं कसं?” “कागदावर लिहिणार?” साहेबांनी पेन खिशात ठेवलं. बाई कुजबुजल्या, “दुपारी मी जेवत नाही. घरात कुणाला माहीत नाही.” आतून सासूबाई म्हणाल्या, “मला माहितेय, सूनबाई. उगाच का मला रात्री भूक लागत नाही?”