दांडी

स्कूबाचे जुनेपुराणे सिलिंडर जिवंत करण्यात मिस्त्रींचा हात धरणारा कुणी नव्हता. लेकीच्या हट्टापायी त्यांनी स्वतःचाच सिलिंडर घासूनपुसून काढला. त्याला उरलेली हवा दाखवणारा काटा नव्हता, नुसती दांडी होती. “श्वास जड झाला की घाबरायचं नाही, दांडी खाली ओढायची. वर येण्यापुरती राखीव हवा मिळते,” त्यांनी बजावलं. “पाठ झालंय, बाबा! बोट सुटेल,” म्हणत, हवा भरताच तिनं सिलिंडर पळवला. दुपारी फोटो आला. बोटीत पाठमोरी लेक, पाठीवर चकाकता सिलिंडर. कौतुकानं त्यांनी फोटो मोठा केला. दांडी खालीच होती. हवा भरताना ती खाली ठेवतात. नंतर वर केली नाही, तर राखीव काही उरतच नाही. त्यांनी लेकीला फोन लावला. बोटवाल्यानं उचलला. “आत्ताच पाण्यात उतरली, काका. वर आली की सांगतो.”