विचारपूस

नेदरलँड्समधल्या आर्नहेम शहरातल्या एका नेमबाजी क्लबात विशाखा शिकवायची. गेल्या हिवाळ्यात तिच्या डोळ्यांदेखत एका तरुणाने तिथेच जीव दिला. तेव्हापासून एकटा आलेला नवखा माणूस दिसला, की ती त्याला नजरेआड होऊ द्यायची नाही.

रविवारी पाहुण्यांसाठी क्लब खुला होता. खेरिट नावाचे सत्तरीचे आजोबा एकटेच आले आणि विशाखा त्यांना चिकटलीच. जेवलात का? घरी कोण असतं? उद्या काय बेत? आजोबा मजेत उत्तरं देत होते. घरी बायको होती आणि एक आगाऊ कुत्रा. उद्या नातीला पोहायला न्यायचं होतं, आणि मे महिन्यात सायकलवरून थेट समुद्र गाठायचा होता! मग विशाखाला शेजारी उभं करून त्यांनी नेम धरला. एकही गोळी कागदाला शिवली नाही. दोघंही खो खो हसली.

"खरं सांगू? तुम्ही एकटे आलात म्हणून मी घाबरले होते," विशाखा म्हणाली.

"ते कळलं मला," कोट चढवत आजोबा म्हणाले. "पण मी नेमबाजी शिकायला आलोच नव्हतो. गेल्या हिवाळ्यात इथे गेला, तो माझा धाकटा. त्या दिवशी त्याच्याजवळ असलेल्या मुलीचं पुढे काय झालं, याचा आम्हा नवराबायकोला घोर लागला होता. तू बरी आहेस ना, पोरी?"

विशाखाचे डोळे भरून आले.

"नव्हते," ती म्हणाली. "आज आहे." आणि आजोबांना खुर्चीत बसवून ती कॉफी आणायला पळाली.