साठ माणसांचा परवाना

यॉर्कशरमधल्या आमच्या गावच्या हॉलमध्ये कौन्सिलचा तपासनीस म्हणून मी मोजलं तेव्हा दोन दारं, चार खिडक्या आणि बहात्तर खुर्च्या होत्या. पण अग्निसुरक्षेच्या नियमानुसार नवरा-नवरी धरून साठच माणसं आत चालणार होती. हॉलमध्ये लग्नं लावण्याच्या परवान्यावर मी तोच आकडा लिहिला.

या परवान्यासाठी हॉलचे राखणदार ॲल्विन थ्वेट वर्षभर खेटे घालत होते. त्यांच्या मुलीला, रोवेनाला, गावातच लग्न करायचं होतं. बापाला मात्र आमंत्रण नव्हतं. ते घर सोडून गेले, तेव्हापासून अकरा वर्षं ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

"न बोलावता लग्नाला कसे जाणार, ॲल्विन?" मी विचारलं.

"अरे, तुमचाच कायदा आहे ना? लग्न चालू असताना दार उघडं ठेवायचं. रस्त्यावरचा कुणीही आत येऊन बसू शकतो. मी काय त्याच्याहून वाईट?"

लग्नाच्या महिनाभर आधी ते धापा टाकत ऑफिसात आले.

"रोवेनाचा फोन आला! हॉलमध्ये जास्तीत जास्त किती जण चालतात, विचारत होती. साठ, म्हटलं. तर म्हणाली, 'नक्की ना, पपा?' पपा म्हणाली, ऐकलंस?"

लग्नाच्या दिवशी दारात उभं राहून माणसं मोजायचं काम त्यांचंच होतं. मी तपासणीसाठी फाटकापाशी होतो.



नवरा-नवरी धरून आत बरोबर साठ माणसं गेली, सगळी रोवेनाने बोलावलेली. दार उघडंच होतं. लग्न लागेपर्यंत ॲल्विन उंबऱ्याबाहेर चौदा मिनिटं उभे होते.