नंबर लागेपर्यंत

एका सोमाली तालुक्याचा नकाशा त्या दुपारी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या आमच्या लॅबमधून जायचा होता. मी खूण करेन तिथे एक संस्था शाळा बांधणार होती. उपग्रहाच्या चित्रांतून वस्त्या शोधून, कुठे किती माणसं राहतात त्याचा हिशेब मांडून मी शाळा बरोबर मधोमध ठेवली. आमची प्रमुख नीव्ह म्हणाली, “ग्रँड! पाठवून दे.” शेजारच्या टेबलावरची होदान त्याच तालुक्यात वाढलेली. ती वाकून बघत म्हणाली, “मुली येणार नाहीत, स्मृती.” “का गं? सगळ्यांना सारखंच अंतर आहे.” “मुली सकाळी पाण्याला जातात.” तिने नकाशाच्या टोकाला, पाण्याच्या टाक्यावर बोट ठेवलं. “शाळा इथे हवी.” “इतक्या कडेला?” नीव्हने विचारलं. “इथे कॅन रांगेत ठेवायचा. नंबर लागायला दुपार होते. तोवर मुली मोकळ्याच असतात.” मला जालन्यातली, टँकरची वाट बघणारी हंड्यांची रांग आठवली. “आम्ही तेवढ्या वेळात सागरगोटे खेळायचो,” मी म्हणाले. होदान हसली. “आमच्या रांगेशेजारी झाडाखाली एक मास्तर बसायचे. माझ्या पिवळ्या कॅनचा नंबर लागेपर्यंत मी भागाकार शिकले.”  नीव्हने माझ्या हातातला माउस घेतला आणि खूण टाक्यापाशी नेली. “थोडी अलीकडे घे,” होदान म्हणाली, “सावली तिथे पडते.”