सरदाराची बायको
इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्याला दीड महिना होत आला, तरी तिथे नोकरीला गेलेल्या अश्फाकची काही खबर नव्हती. पनवेलच्या घरात त्याची बायको दिलशाद रोज दुपारी लायब्ररीतली एक इंग्रजी कादंबरी सासूला मराठीत सांगायची, पण पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की तिचं वाक्य अर्ध्यात तुटायचं. कादंबरीत आठशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधला एक सरदार राजासोबत लढाईला गेला होता आणि त्याची तरणी बायको वाट बघत होती. आज कोळंबी सोलता सोलता सासूने, हाजराबींनी, विचारलं, “मग आला का तो?” शेवट दिलशादने कालच चोरून वाचला होता. सरदार मेला आणि बायको जन्मभर त्याच्या नावाने एकटी राहिली. “आला ना,” ती मान वर न करता म्हणाली. “खोटं नको बोलूस, तुझं तोंड सांगतंय. मेला तो, आणि ती तशीच बसून राहिली. लोकांनी वाहवा केली असेल. माझी पण केली.” हाजराबींचा आवाज चढला. “तीस वर्षं बेवा हाय मी. वाहवा उशाला घेऊन झोप येत नाय. अश्फाक नाय आला, तर तुझा दुसरा निकाह मी स्वतः लावून देईन.” “अम्मी, तुमचा मुलगा आहे तो!” “आणि तू कोण, परकी?” दिलशाद तडक उठली, दारापर्यंत गेली, परत फिरली आणि सासूच्या मांडीत तोंड खुपसून दीड महिन्यात पहिल्यांदा रडली. आठव्या दिवशी जॉर्डनमधल्या अम्मानहून अश्फाकची तार आली. तो सुखरूप घरी परतला, पण त्या दुपारचं बोलणं दोघींनी त्याला कधीच सांगितलं नाही.