सत्ताविसाव्या क्रमांकाचे गाव

एका वर्गात, संगणकाच्या एका पडद्यासमोर, अर्ध्या तासात जे घडले तेवढेच येथे यथामती निवेदन करावयाचे आहे. प्रसंग लहान आहे. परंतु ज्याच्यावर तो ओढवला, त्याच्या लेखी तो लहान नव्हता.

फळ्यावर सत्तावीस गावांची गुणानुक्रमे यादी होती आणि बॉयलरवाल्याच्या मुलीचे गाव सत्ताविसावे होते.

हवामानबदल हा विषय पुस्तकातून मुलांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून बाईंनी तो संगणकावरील खेळातून शिकविण्याचे योजिले होते. खेळात प्रत्येक मुलाला समुद्रकाठचे एक गाव मिळाले होते. शाळेतला एक दिवस म्हणजे गावाचे एक वर्ष. गावाने धूर सोडला की हवा तापे, हवा तापली की समुद्र चढे, आणि समुद्र चढला की गुण उतरत. गावात कोळशावर चालणारे एक वीजकेंद्र होते व त्याच्या चित्राखाली ते बंद करण्याचे एक लाल बटण होते. सव्वीस मुलांनी ते पहिल्याच दिवशी दाबून टाकले. आज पंधरावा व शेवटचा दिवस होता, पालकांना मुद्दाम पाचारण केलेले होते, आणि सत्ताविसाव्या गावाच्या धुराड्यातून अजूनही धुराची एक बारीक रेघ निघत होती.

बॉयलरवाला मुलीच्या पाठीशी उभा होता. खऱ्या वीजकेंद्रात तो बावीस वर्षे बॉयलर सांभाळीत होता. पाळी बदलून घेऊन, मानेवरची काजळी दोनदा घासून तो आला होता. शेजारच्या बाकावरचा मुलगा आपल्या वडिलांना सांगत होता, की हीच ती धुराबाई, हिच्यापायी आख्ख्या वर्गाची सरासरी बुडते. वडिलांनी त्याला डोळ्यांनी दटावले. हसू मात्र त्यांनाही आवरले नाही.

खरे वीजकेंद्रही चार-पाच वर्षांत बंद होणार, असे तिकडे बोलले जात होते. घरी ही गोष्ट त्याने काढलेली नव्हती. तथापि पोरांना भिंतीपलीकडचेही ऐकू येते. आपली मुलगी आपल्यासाठी हरते आहे, आणि आपल्यापायीच तिला वर्गात मान खाली घालावी लागते आहे, हे त्याने मनाशी पक्के केले.

बाई जवळ आल्या. मुलगी हुशार आहे, गणितात तर कुणाला हार जात नाही, असे त्यांनी सांगितले. फक्त या एका बटणापाशी तिचे घोडे अडते. रोज समजाविले की रोज मान डोलावते आणि दाबत काही नाही. तास संपेपर्यंत दाबले नाही, तर तिला प्रमाणपत्र देता येणार नव्हते. घरची काही अडचण असावी, असेही त्यांनी आवाज उतरवून सुचविले.

बॉयलरवाला मुलीच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला.

“बाळा, दाब ते बटण. माझ्यासाठी थांबू नकोस. माझं काय, मी कुठंही चिकटेन.”

मुलीने त्याच्याकडे आश्चर्याने पाहिले.

“थांबलेय कुठं, बाबा? बंदच करतेय.”

तिने पडद्याच्या कोपऱ्यातले एक पान उघडले. त्यात बॉयलरचा दाब दिसत होता. पहिल्या दिवशी तो शंभर होता, आज चार होता. रोज थोडा थोडा तिने तो उतरविला होता. तापलेला बॉयलर एकदम थंड केला की नळ्या फाटतात, हे तिने वडिलांच्याच तोंडून ऐकलेले होते.

बॉयलरवाल्याला हसू आले. तिची चूक त्याने हलकेच दाखवून दिली. बॉयलर निवायला दोन-तीन दिवस पुरतात. हिने तर त्याला पंधरा वर्षे दिली होती.

“बॉयलर निवतो, बाबा. माणसांना वेळ लागतो.”

त्या पानाखाली आणखी एक पान होते. त्यावर केंद्रातल्या कामगारांची नावनिशी होती. दरसाल चार-चार, पाच-पाच जणांना तिने तेथून काढून नवे काम शिकविले होते. कोणी पवनचक्कीवर गेला होता, कोणी पाण्याच्या पंपांवर, कोणी समुद्राच्या बांधावर. तेवढ्या वर्षांत समुद्र चढला, पुढच्या ओळीतली घरे मागे न्यावी लागली, आणि सगळे गुण त्यातच गेले. हे तिला ठाऊक होते. शेजारच्या मुलानेही आपल्या गावातले ते पान प्रथमच उघडले. सगळ्या नावांपुढची नव्या कामाची जागा कोरी होती. त्याने ते लगेच मिटले.

मुलीच्या यादीत एकच कामगार उरला होता. बाईंनी त्याच्याविषयी विचारले.

“त्याला मुद्दाम शेवटी ठेवलाय,” मुलगी म्हणाली. “नीट बंद करणं त्यालाच येतं.” आणि तिने माऊस वडिलांच्या हाती दिला.

घंटा व्हायला दोन मिनिटे होती. वर्ग वाट पाहत होता. बॉयलरवाल्याने घाई केली नाही. त्याने दाब चारवरून तीनवर, तीनवरून दोनवर, मग शून्यावर आणला, तो शून्यावर स्थिर आहे याची पुन्हा एकवार खात्री करून घेतली, आणि मगच बटण दाबले.

ज्यांनी येथवर वाचण्याचे कष्ट घेतले, त्या सर्वांचा मी मनःपूर्वक आभारी आहे.
— धोंडिराम आवटी